दसऱ्याला शिकलेला दरबान

प्रतिमा रामटेके हिच्या घरात माणसाचा चेहरा कुणी बघत नसे, चाल बघत. ही सवय वडिलांची. सुखराम रामटेके एकतीस वर्षं जबलपूरच्या एका सरकारी फॅक्टरीच्या गेटवर दरबान होते. सुटीचा भोंगा झाला की हजारभर माणसं एकदम बाहेर निघायची. त्यांतल्या कुणाच्या डब्यात पितळेचा तुकडा आहे आणि कुणाच्या सायकलच्या नळीत तांब्याची तार आहे, हे तीन-चार सेकंदांत ओळखायचं असे. सगळ्यांची झडती घेणं शक्यच नव्हतं.

"चोराचा चेहरा सगळ्यात साधा राहते पोरी," सुखराम सांगायचे. "तो पाहून काही फायदा नाही. पण रोज डावीकडून जाणारा माणूस आज उजवीकडून जाऊन राहिला, का मी त्याचा डबा उघडलाच म्हणून समज."

हे ऐकत ऐकत मोठी झालेली पोर संशयी निघाली तर नवल नाही. एकदा भंडाऱ्याहून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, बोलायला गोड. चहा-पोहे झाले, मंडळी गेली, आणि प्रतिमा म्हणाली, "कपानं चहा प्यायला, पण फुंकर मारायला वाकला तो बशीकडे. घरी बशीनं पितो. इथं लपवलं. जो चहा लपवतो तो आणखी काय लपवून राहिला असेल?"

तिची आई सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "बापावर गेली! बापानं डबे उघडले, आता ही माणसं उघडून राहिली."

प्रतिमानं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं पुण्यात काढली, आणि कोरोनात नोकरी सुटल्यावर जबलपुरातल्या घमापुरच्या घरी परतली. सहा महिने ती रिकामी होती. तेव्हा गल्लीतले अंबादास काका धावून आले. अंबादास वासनिक रिछाई भागातल्या एका खाजगी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काम करत होते. हे वर्कशॉप सरकारी फॅक्टरीला सुटे भाग बनवून द्यायचं, आणि त्या भागांचे नकाशे ज्या खोलीत असत ती खोली अंबादास काकांच्या ताब्यात होती. ते मालकांकडे, साहूजींकडे गेले आणि म्हणाले, "साहब, हमारे मोहल्ले की लड़की है. कंप्यूटर में उसके जैसी आपको नागपूर तक नहीं मिलेगी." साहूजींनी प्रतिमाला ठेवून घेतलं. बावीस कॉम्प्युटर तिच्या हवाली झाले.

आल्या आल्या तिच्या मनात पाल चुकचुकली. मशीनवर व्हायरस पकडणारं जे सॉफ्टवेअर होतं, ते नुसती यादी घेऊन बसलेलं होतं. यादीत नाव असलेला चोर आला तर त्याची मानगूट धरायची, नाव नसेल तर नमस्कार करून आत सोडायचं. म्हणजे चेहराच पाहायचा. सुखराम दरबानाच्या पोरीला हे कसं पटावं? तिनं ठरवलं की आपण चाल पाहणारा प्रोग्राम लिहायचा.

प्रत्येक प्रोग्राम मशीनकडे सारखं काही ना काही मागत असतो. ही फाईल उघड, एवढी वाच, तिथं लिही, बाहेरच्या अमुक पत्त्याशी बोलू दे. या मागण्या एकीमागून एक रांगेनं येतात आणि प्रत्येक प्रोग्रामची रांग वेगळी असते. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम एका फाईलशी घोटाळत बसतो. नकाशा छापण्याचा प्रोग्राम नकाशा उघडतो, वाचतो, मोठ्या प्रिंटरकडे पाठवतो आणि बंद करतो. काही दिवस नुसतं बघत राहिलं, कोणत्या मागणीनंतर कोणती मागणी कितीदा येते याची नोंद ठेवली, की त्या प्रोग्रामची चाल कळते. मग कधी तो वेगळ्या चालीनं चालू लागला तर समजायचं की कुठंतरी पाणी मुरतंय. मग चोराचं नाव माहीत असण्याची गरजच उरत नाही.

तिनं या प्रोग्रामचं नाव ठेवलं 'दरबान'. बाबांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "पेन्शन लागेल का त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं.

दरबानाला चाल शिकवायला सहा दिवस लागणार होते आणि त्या दिवसांत मशीन थोडी मंद चालणार होती. एरवी ही तक्रार कुणी ऐकून घेतली नसती. म्हणून प्रतिमानं शांत आठवडा निवडला, दसऱ्याचा. वर्कशॉप अर्धं रिकामं असतं, मशीनला हार घालतात, पूजा करतात, मालाची घाई नसते. तिनं सगळ्यांना बजावलं, "सोमवार ते शनिवार कोणीही मशीन बंद करायची नाही. सुटीवर जाणाऱ्यांनीही चालूच ठेवून जायचं." त्याआधी मशीन रोज संध्याकाळी बंद होत. पुढेही चालूच राहू द्या, दरबानाला बरं पडतं, असं तिनं नंतर सांगितलं.

तो दोन हजार बावीसचा ऑक्टोबर होता. कोरोनामुळे दोन वर्षं नागपूरला दीक्षाभूमीवर दसऱ्याची गर्दी जमली नव्हती. यंदा घमापुरातून बुद्धविहाराची बस निघायची होती. बसचं सगळं अंबादास काकांकडे. ते विहाराचे सचिव. राहायची सोय पाहायला म्हणून ते आठवडाभराची रजा टाकून सोमवारीच नागपूरला बहिणीकडे गेले. जाताना नकाशा-खोलीला कुलूप लावलं, किल्ली गेटवरच्या गार्डकडे, नथ्थूकडे दिली. मशीन प्रतिमानं सांगितल्याप्रमाणे चालू ठेवली. मंगळवारी प्रतिमा आईबाबांसोबत बसनं निघाली. परतीच्या वाटेवर काका बसमध्ये तिच्या शेजारीच बसले. लखनादौनजवळ त्यांनी बायकोच्या, कुसुमकाकूंच्या हातची भाकर आणि ठेचा तिच्यापुढे केला आणि म्हणाले, "खाय. दोन वर्षांनी भूक लागल्यासारखी लागली बघ."

शनिवारी तिनं नोंदी पाहिल्या. बावीसच्या बावीस मशीनच्या नोंदी भरगच्च होत्या. तिला समाधान वाटलं. दरबान शिकला होता.

दिवाळीनंतर साहूजींनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार स्वतः उठून बंद केलं. फॅक्टरीच्या सुरक्षा विभागातून निरोप आला होता. वर्कशॉपला दिलेले काही नकाशे जिथं असायला नको तिथं सापडले होते. नकाशांवर नंबर वर्कशॉपचेच.

"ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी," साहूजी म्हणाले. "मुझे एक नाम देना है. मशीन का या आदमी का. आपका दरबान क्या बोलता है?"

प्रतिमानं लॅपटॉप उघडला. एकवीस मशीनवर काहीच नव्हतं. बाविसाव्या मशीनपुढे लाल रेघांची रांग होती. प्रत्येक लाल रेघ म्हणजे एक शंका, चाल बदलल्याची. ती मशीन नकाशा-खोलीतली होती. आणि रेघा वाटेल तेव्हा पडलेल्या नव्हत्या. अंबादास काका खुर्चीवर असताना पडलेल्या होत्या. ते जेवायला गेले की रेघा बंद. रविवारी तर एकही नाही. नकाशे छापण्याच्या प्रोग्रामशी कुणीतरी काहीतरी करत होतं, आणि ते 'कुणीतरी' सव्वानऊला येऊन साडेपाचला जात होतं.

साहूजींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "फरवरी में रिटायरमेंट है उसका," ते हळूच म्हणाले. "रिटायरमेंट सर पर हो तो आदमी कुछ भी सोचने लगता है."

"सर, इतने साल से..."

"इसीलिए तो. इतने साल से किसी ने पूछा नहीं." त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "अगले हफ्ते के बाद वाला सोमवार. ग्यारह बजे मैं नाम भेज दूँगा. आप तब तक पक्का कर लो. और उससे एक शब्द नहीं."

नाव गेलं की काय होणार, हे प्रतिमाला सांगायला नको होतं. फॅक्टरीचे लोक येतील, पोलीस येतील, घमापुरच्या गल्लीत जीप उभी राहील. बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस तीन महिने उरले असताना चोर ठरेल. पुढं निर्दोष सुटला तरी गल्ली ते विसरणार नाही. आणि त्या नावाखाली सही तिची असणार होती.

ती डोळ्यांत तेल घालून काकांकडे बघू लागली. बघायला लागलं की दिसायला लागतं, याचा अनुभव तिला आला. काका पूर्वी तिला बघून हाक मारायचे; आता ती खोलीत शिरली की पडद्यावरचं काहीतरी चटकन बंद करत. "काय करून राहिले काका?" विचारलं तर, "काही नाही, काही नाही." मोठ्या प्रिंटरजवळच्या छोट्या प्रिंटरमधून निघालेले कागद ते घडी करून बनियनच्या आत सरकवत. एरवी माणूस कागद बनियनमध्ये कशाला घालेल? बुधवारी तर हद्दच झाली. काका वाकले आणि शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह खाली पडला. वर्कशॉपमध्ये पेनड्राइव्हला सक्त मनाई होती; तो नियम भिंतीवर लावलेला होता, काकांच्याच अक्षरात.

काकांनी पाय ठेवून तो झाकला. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं टेबलावरची फाईल पाहत असल्याचं दाखवलं.

त्या दिवशी ती रोजच्यासारखी काकांच्या स्कूटरमागे बसून घरी आली नाही. "मला विजय नगरला काम आहे," असं सांगून तिनं ऑटो केली. काम काहीच नव्हतं. ज्याच्या पाठीमागे बसायचं त्याच्याच पाठीत आपण सोमवारी सुरी घालणार, हे तिला सहन होईना. आणि चोराच्या मागं बसणंही सहन होईना. यातलं नेमकं कोणतं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

पण एक गोष्ट तिला खुपत होती. लाल रेघा म्हणजे चाल बदलली. कशावरून बदलली? तिनं दोन-तीन रेघा उघडून पाहिल्या. नकाशा उघडला, वाचला, प्रिंटरला पाठवला, बंद केला. यात वावगं काय होतं? दरबान तरी का ओरडतोय? तिनं स्वतःची समजूत घातली की माणूस हुशार आहे, साध्या कामाच्या आडून करत असेल. संशय एकदा बसला की निर्दोषपणाचाही पुरावा करतो.

अहवाल लिहून झाला तो रविवारी. फक्त नाव लिहायचं राहिलं होतं. दुपारी जेवताना सुमनबाईंनी पातोडीची भाजी वाढता वाढता बातमी सांगितली, "मालनबाईचा विष्णू लागला बरं. एका कंपनीच्या गेटवर गार्ड म्हणून. नवरात्रातच बोलावलं होतं, पण मग म्हणे दिवाळी होऊ दे, तेव्हा ये. एक महिना पोराचा वाया गेला."

"वाया काहून जाईल?" सुखराम घास थांबवून म्हणाले. "समजदार साहेब असन. आम्ही बी दसऱ्याच्या हप्त्यात नवा दरबान गेटवर कधी लावला नाही."

"काहून?" सुमनबाईंनी विचारलं.

"अरे, त्या हप्त्यात गेटवर सगळं उलटं राहते. पूजेचं सामान घेऊन लोक पिशव्या भरून येतात, भरून जातात. कोणी नारळ नेऊन राहिला, कोणी हाराचा टोपला. अर्धे लोक येतच नाहीत. नव्या माणसाला वाटते, हेच रोजचं. मग दसरा सरला का तो खऱ्या कामगाराला अडवते, अन् पिशवीवाल्या चोराला जाऊ देते. एक जण असाच लागला होता, नाव नाही घेत. त्याच्या डोळ्यात दसराच बसला. वर्षभर निघाला नाही तो."

प्रतिमानं ताट बाजूला सारलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी माझा दरबान दसऱ्यातच शिकवला."

सुखरामांनी तिच्याकडे पाहिलं. नकाशा-खोलीतलं प्रकरण त्यांना माहीत नव्हतं. पण पोरीचा चेहरा त्यांना, सगळी शिकवण बाजूला ठेवून, वाचता येत होता. "त्या हप्त्यात गेटमधून कोण चाललं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुझ्या दरबानानं चाल शिकली, ती कोणाची?"

आणि तेव्हा तिला ती भरगच्च नोंद आठवली. बावीस मशीन, बावीस भरगच्च नोंदी. पण नकाशा-खोली तर आठवडाभर बंद होती. खुर्ची रिकामी होती. ज्या मशीनवर बसणारे काका लखनादौनला तिच्या शेजारी भाकर खात होते, त्या मशीनची नोंद भरली कशानं?

हात धुऊन ती निघाली. ऑटोनं रिछाईला पोचली तेव्हा नथ्थू गेटवर रेडिओ ऐकत बसला होता. "दीदी, इतवार को?"

"भैया, चाबी का रजिस्टर दिखाओ. दसहरे वाला."

नथ्थूनं पानं उलटली. "पूरे हफ्ते किसी ने नहीं ली. कील पे टँगी रही. मैं खुद रोज देखता था. काहे, कुछ गया क्या?"

"आज किसी ने ली?"

"वो देखो, टँगी है."

प्रतिमा आपल्या टेबलाशी जाऊन बसली. आजवर ती फक्त लाल रेघा बघत आली होती. आता तिनं दसऱ्याच्या आठवड्याची कच्ची नोंद उघडली, ज्यात प्रत्येक मागणी जशीच्या तशी लिहिलेली होती. नकाशे छापण्याचा प्रोग्राम. मंगळवार, सकाळ. नकाशा उघडला. वाचला. दाबून लहान केला. बाहेरच्या एका पत्त्याला पाठवला. मागची खूण पुसली. पुढचा नकाशा. उघडला, वाचला, लहान केला, पाठवला, पुसला. प्रिंटरचं नाव नव्हतंच. पानामागून पान हेच. बुधवारी, ज्या दिवशी ती लाखो माणसांत उभी होती, त्या दिवशीही हेच.

छापणाऱ्या प्रोग्रामच्या नावाखाली दुसराच कुणी बसला होता, आणि आठवडाभर फक्त तोच चालला होता. दरबानानं त्याचीच चाल पाठ केली. चोर रोजचा झाला. दसरा सरल्यावर काका परत आले, त्यांनी पहिला खरा नकाशा छापला, आणि दरबानानं शिट्टी वाजवली: हा कोण नवा माणूस!

तिनं नकाशा-खोलीच्या मशीनची आजची नोंद उघडली. खोलीला कुलूप, किल्ली खिळ्यावर, आणि पडद्यावर ओळी सरकत होत्या. उघडला. वाचला. लहान केला. पाठवला. पुसला. लाल रेघ एकही नाही. मशीनला अर्धा तास कुणी हात लावला नाही की तो कामाला लागत होता, म्हणूनच काकांच्या जेवणाच्या सुटीतही सगळं कसं शांत शांत दिसायचं. आणि मशीन रात्रंदिवस चालू ठेवा म्हणून कुणी सांगितलं होतं?

तिनं धावत जाऊन वर्कशॉपबाहेर जाणारी नेटची वायर उपटली. ओळी थांबल्या. वायर हातात धरून ती तशीच उभी राहिली.

चोर कसा काम करतो ते कळलं होतं, आत कसा आला ते कळलं नव्हतं. आणि तो पेनड्राइव्ह अजून खिशातच होता. अर्धा संशय शिल्लक घेऊन ती घमापुरला काकांच्या दारात गेली.

काका बाजेवर बसून विहाराचे कागद लावत होते. कुसुमबाईंनी पाणी आणलं. "ये ना प्रतिमा. आजकाल येत नाहीस."

"जयभीम काका. एक विचारायचं होतं. दसऱ्याच्या आधी तुम्ही मशीनवर काही नवं टाकलं होतं का?"

काकांनी दाराकडे पाहिलं. "दार लोट जरा," ते म्हणाले. मग हातातले कागद बाजूला ठेवले.

"नागपूरवाल्यांनी राहणाऱ्यांची यादी पाठवली होती," ते म्हणाले. "बावन्न नावं. आपल्या मशीनवर उघडली का नुसते किडे-मकोडे. अक्षर काही लागे ना. मग नेटवर एक फॉन्ट बदलायचं पाहिलं, फुकट होतं. ते टाकलं. लगेच नावं दिसायला लागली. मी म्हटलं, अच्छा, चांगली चीज आहे."

"मला काहून नाही विचारलं?"

"तुले विचारलं असतं तर तू म्हटलं असतं, काका, ऑफिसच्या मशीनवर विहाराचं काम?" त्यांनी मान खाली घातली. "त्या पेनड्राइव्हमध्ये ते बी आहे. यादी, प्रवचनाचे कागद. चाळीस पानं काढली मी ऑफिसच्या प्रिंटरवर. चाळीस! बत्तीस वर्षांत ऑफिसची पेन्सिल घरी नाही आणली अन् आता हे. तू पाहिला ना त्या दिवशी? मी पाय ठेवला. तेव्हापासून झोप नाही. वाटे, ही साहूजीला सांगून देईल, अंबादास कागद चोरते म्हणून."

"काका," प्रतिमा म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही नकाशे चोरून राहिले."

प्रतिमानं सगळं सांगितलं. निरोप, लाल रेघा, सोमवारचे अकरा. काका ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "किती दिवस वाटलं?"

"अकरा."

"बसमध्ये यांच्या बाजूला बसून माझ्या हातची भाकर खाल्ली ना तू?" कुसुमबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो काकू. त्या भाकरीमुळेच तर कळलं," असं प्रतिमाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. ते खरं होतं, पण तिच्या तोंडी शोभलं नसतं.

सोमवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना ती साहूजींसमोर उभी होती. अहवाल नव्यानं लिहिलेला होता आणि त्यात पहिलं वाक्य तिच्याच चुकीबद्दल होतं. साहूजींनी तो दोनदा वाचला.

"मतलब चोर रोज़ निकलता था और आपका दरबान उसे सलाम करता था?"

"जी सर."

"और अंबादास को पकड़ता था. जब वो अपना काम कर रहा था."

"जी. मैंने उसे गलत हफ्ते में सिखाया. जिस मशीन पर आदमी नहीं था, उसकी नोंद... उसका रिकॉर्ड देखकर मुझे शक होना था. मैं खुश हो गई."

"यह तो आप अपनी बात कर रही हैं. वो प्रोग्राम आया कहाँ से?"

फॉन्टचं नाव सांगायचं की नाही, यावर ती रात्रभर अडली होती. सांगितलं नाही तर काका वाचतील, पण उद्या फॅक्टरीचे लोक मशीन उघडतील आणि लपवलेलं निघालं तर मग काहीच वाचणार नाही. ती बोलणार तेवढ्यात दार वाजलं. अंबादास काका आत आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात पेनड्राइव्ह आणि चाळीस कोरे कागद.

"साहब, वो मैंने डाला था," ते म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवले. "लड़की को मालूम नहीं था. मेरे को भी नहीं मालूम था वो क्या है. कागज वापस लाया हूँ."

साहूजींनी कागद उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग हसावं की रागवावं ते न कळून चष्मा काढला. "आप दोनों घमापुर वाले," ते म्हणाले, "मुझे पागल कर दोगे." त्यांनी फोन उचलला. नाव गेलं ते मशीनचं. मशीन सील करून फॅक्टरीच्या लोकांच्या ताब्यात गेली, नकाशा-खोलीतलं नेट कायमचं निघालं, आणि संध्याकाळपर्यंत दोन लेखी ताकिदी निघाल्या. एक अंबादास वासनिक यांना, एक प्रतिमा रामटेके यांना. जीप आली नाही.

पुढच्या सोमवारी नवी मशीन बसली. तिच्यावर कोरा दरबान. यावेळी प्रतिमा दिवसभर नकाशा-खोलीत स्टूल टाकून बसली. "काका, रोज करता तसंच करा," तिनं सांगितलं. काकांनी नकाशा उघडला, वाचला, प्रिंटरला दिला, बंद केला. दरबानानं पहिली ओळ लिहून घेतली. दुसरा नकाशा. तिसरा. काका एक अक्षर जास्त बोलत नव्हते. एक वाजता त्यांनी डबा हातात घेतला, उठले, आणि दाराशी थांबून विचारलं, "जेवायला जाऊ का?"

बत्तीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. प्रतिमानं मानेनंच हो म्हटलं.

साडेपाचला काकांनी मशीन बंद केली, कुलूप लावलं, किल्ली नेऊन नथ्थूच्या हातात दिली. पण पुढं गेले नाहीत. डबा खाली ठेवला, खिसे उलटे करून बाहेर काढले आणि दोन्ही हात आडवे करून गेटमध्ये उभे राहिले.

"अरे अंबादास जी, ये क्या," नथ्थू हसला. "आपकी झड़ती कौन लेगा?"

"घे," काका म्हणाले. "जो बाहर जाता है उसकी ले."

मागून येणारी माणसं थबकली. प्रतिमा चार पावलांवर होती. तिला बाजूनं निघून जाता आलं असतं. रोज ती डाव्या बाजूनं जायची, आणि ती बाजू मोकळी होती. ती काकांच्या मागं रांगेत आली. बॅग जमिनीवर ठेवली, चेन उघडली, आणि तिनंही हात आडवे केले.

काकांनी मागं वळून पाहिलं. मग नथ्थूला म्हणाले, "हिचा डबा बी उघड. सुखराम दरबानाची पोर आहे, बिना झडतीची गेली तर बाप रागावंल."